'पैसे कोण देणार' हा कॉलम

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. नाव 'पीएचडी फायनल २'. ('फायनल १'चं काय झालं, विचारू नका.) तिच्यात २३ ओळी आणि सहा कॉलम आहेत: विद्यापीठ, देश, शेवटची तारीख, पैसे कोण देणार, शिफारसपत्र कोणाचं आणि निकाल. शेवटच्या कॉलममध्ये १७ ठिकाणी 'नाही' लिहिलंय, चार ठिकाणी 'उत्तरच नाही', आणि दोन चौकोन अजून रिकामे आहेत.

मी खोपोलीची. २०१८ साली कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून ऐरोलीत नोकरी करतेय. सकाळची खोपोली लोकल, लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी, मग कर्जत, मग ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर. जाऊन-येऊन दिवसाचे पाच तास गाडीत जातात. ही शीट मी बहुतेक गाडीतच भरलीय, आणि या लेखात ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांच्याबद्दलही गाडीतच वाचलंय.

आधी पीएचडी कशाला, ते सांगते. कारण घरी, ऑफिसात आणि लग्नाच्या स्थळांकडून हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर आता पाठ आहे.

१९ जुलै २०२३च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यात, इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी डोंगराखाली गेली. ठाकर आदिवासींची वाडी. तीन दिवसांत सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता. वर जायला रस्ता नाही, त्यामुळे पोकलेन, जेसीबी काही पोचलं नाही. माणसांनी हातांनी माती उपसली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. कॉलेजात असताना आम्ही इरशाळगडावर जायचो तेव्हा वाडीतल्याच एका घरात चहा-पोहे सांगून ठेवायचो. ते घर कुठलं होतं हे मला नंतर फोटोंमध्ये ओळखता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही काही जण बिस्किटांचे पुडे आणि ताडपत्र्या घेऊन नानिवलीपर्यंत गेलो. त्यापुढे आमचा उपयोग नव्हता.

मला खुपलं ते वेगळंच. दरडप्रवण गावांची सरकारी यादी असते. इरशाळवाडी त्या यादीत नव्हती. हे विधानसभेतच सांगितलं गेलं. २०१४ला माळीण झालं, २०२१ला महाडजवळचं तळिये झालं, आणि २०२३लाही यादीत नसलेली वाडी गेली. मी दिवसभर याद्याच बनवते. कुठलीही यादी कोणीतरी काहीतरी गृहीत धरून तयार करतं, आणि गृहीतक चुकलं की यादी चुकते. दरडीचा अंदाज कसा बांधतात हे मी वाचायला लागले. नेल केन नावाच्या संशोधकानं १९८० साली जगभरच्या घटना गोळा करून पाऊस किती जोरात आणि किती वेळ पडला तर उतार सुटतो, याची एक रेषा काढली होती. त्यानंतर लोकांनी आपापल्या डोंगरांसाठी आपापल्या रेषा काढल्या. भारतात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं पूर्वसूचनेचे प्रयोग आधी दार्जिलिंग आणि निलगिरीत केले. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टवर, वर लाल मातीचा थर, जुलैचा पाऊस, या गणितासाठी करण्यासारखं खूप काम बाकी आहे. शनिवार-रविवारच्या कोडिंगनं ते होणारं नाही, एवढं मला सहा महिन्यांत कळलं.

मग सुरू झाली शीट.

इथे पहिला धक्का, जो तुमच्यापैकी बीई करून परस्पर पीएचडीचं स्वप्न बघणाऱ्यांना बसणारच आहे, म्हणून सांगून टाकते. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. पहिली दोन वर्षं कोर्स करायचे आणि मग संशोधन. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं. पण नेदरलँड्स, नॉर्वे, जर्मनी इथे पीएचडी म्हणजे चक्क नोकरी असते, पगार आणि रजेसकट, आणि जागा नोकरीसारखीच जाहीर होते. मेरी क्यूरींच्या नावाच्या युरोपीय फेलोशिप आहेत. त्यांची अट अशी की मागच्या तीन वर्षांत तुम्ही त्या देशात बारा महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. ती मी आरामात पुरी करते, पळसदरीच्या पलीकडे फारशी गेलेलीच नाही. पण एका नामांकित शिष्यवृत्तीला शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी चालत नाही. माझी सात वर्षांची. नोकरी करून घराचं कर्ज फेडण्यात जी वर्षं गेली, ती फॉर्मवर शिळेपणा म्हणून मोजली जातात.

सतरावा 'नाही' आला त्या आठवड्यात मी कर्जतला आमच्या जुन्या सरांकडे गेले होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, घर पुस्तकांनी भरलेलं. मी रडगाणं लावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेल्या आंबेडकर चरित्राचे दोन खंड हातात ठेवले. म्हणाले, "प्रेरणाबिरणा घेऊ नकोस गं यातून. ती सगळीकडे फुकट मिळते. त्यांनी फॉर्म कसे भरले, पैसे कुठून आणले, तेवढंच वाच."

मी तसंच वाचलं. आणि मग शीटमध्ये खाली काही ओळी सोडून एक नवी ओळ टाकली. विद्यापीठ: कोलंबिया. देश: अमेरिका. पैसे कोण देणार: बडोदा संस्थान.

बाबासाहेब परदेशात शिकले हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण ते कळतं ते पदव्यांच्या माळेसारखं. त्या माळेच्या मागचा कागदपत्रांचा व्यवहार कोणी सांगत नाही. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाबरोबर एका करारावर सही केली. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात, ठरवून दिलेले विषयच शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. वडील फेब्रुवारीत वारले होते. म्हणजे घरचा आधार गेल्यावर चार महिन्यांत बावीस वर्षांचा एक मुलगा दहा वर्षांचा बॉन्ड सही करतोय. आमच्या कंपनीत दोन वर्षांच्या बॉन्डवरून आम्ही कँटीनमध्ये किती बोंब मारली होती, ते आठवलं.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. तीन वर्षांत त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि फ्रेंच-जर्मनचा एकेक. ही यादी वाचताना मला आधी अभिमान वाटला आणि मग एक वेगळी गोष्ट लक्षात आली: हे घड्याळ बघून शिकणाऱ्या माणसाचं वेळापत्रक आहे. पैसे तीन वर्षांचेच आहेत. जे दुकान तीन वर्षांनी बंद होणार, त्यातून जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं.

१९१५ साली एमए. मे १९१६मध्ये गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. त्याच वर्षी लंडनला, तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्ही एकदम. आणि १९१७मध्ये पैसे संपले. संस्थानानं मुदत वाढवली नाही; काम अर्धवट टाकून परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते एका बोटीनं आले, सामान दुसऱ्या बोटीनं पाठवलेलं. ती सामानाची बोट पाणतीरानं बुडाली.

बडोद्यात करार पाळायला गेले, तर राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथून लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय आणि ते प्रत्येकानं त्यांच्याच शब्दांत वाचावं, म्हणून मी इथे थांबते. शीटच्या दृष्टीनं एवढंच नोंदवते की करारात दोन बाजू असतात. विद्यार्थ्यानं काय करायचं ते सगळं कागदावर होतं. नोकरी करायला आलेल्या माणसाला त्या शहरात झोपायला खोली मिळेल का, हे कागदावर नव्हतं.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो यानंतरचा भाग, १९१७ ते १९२०. लंडन विद्यापीठानं प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीवरून परवानगी दिली होती की चार वर्षांच्या आत परत आलात तर राहिलेलं पूर्ण करू देऊ. चार वर्षांची डेडलाइन, आणि हातात शून्य. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्यातून बचत. परळच्या चाळीत दोन खोल्यांत रमाबाई संसार ओढतायत. याच काळात 'मूकनायक' सुरू झालं. आणि जुलै १९२०मध्ये ते पुन्हा बोटीत बसले: स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, आणि कोलंबियातला जुना मित्र नवल भथेना याच्याकडून पाच हजार रुपये कर्ज. चार वर्षांची मुदत संपायला साधारण एक वर्ष उरलं होतं.

शीटमधल्या 'पैसे कोण देणार' या कॉलममध्ये मी इथे तीन नावं लिहिली. माझ्या २३ ओळींमध्ये या कॉलमात एकेकच नाव होतं, हे तेव्हा डोक्यात आलं. मी प्रत्येक ठिकाणी सगळे पैसे देणारी एकच संस्था शोधत होते.

अजून दोन गोष्टी. एक, १९२१च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडनहून जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाला अर्ज केला, जर्मन भाषेत, स्वतःच्या हातानं लिहून. कोलंबियात घेतलेला तो जर्मनचा एक कोर्स इथे कामाला आला असणार. तिथून पदवी काही झाली नाही. नाव नोंदलं गेलं आणि शेवटी काढलं गेलं. आंबेडकरांच्याही शीटमध्ये न जमलेली ओळ होती! हे वाचल्यावर मी गाडीत मोठ्यानं हसले, समोरच्या काकूंनी वळून पाहिलं.

दुसरी गोष्ट हसण्याची नाही. कोलंबियाच्या पीएचडीचा मूळ प्रबंध हरवला होता. १९२२ साली त्यांनी आपले अमेरिकेतले प्राध्यापक सेलिग्मन यांना पत्र लिहून कळवलं की हस्तलिखित हरवलंय, नवा प्रबंध लिहिलाय. दरम्यान लंडनचा डीएस्सीचा प्रबंध, रुपयाच्या प्रश्नावरचा, मार्च १९२३मध्ये परीक्षकांनी सुधारून आणा म्हणून परत केला. तोवर लंडनमध्ये राहण्याचे पैसे संपत आले होते, ते मुंबईला आले आणि इथून दुरुस्त करून पाठवला. त्याच वर्षाअखेरीस डीएस्सी मिळाली. कोलंबियात नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या, त्याशिवाय पदवी नाही. छापायला पुन्हा पैसे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं ते पुस्तक १९२५ला निघालं, सयाजीरावांना अर्पण केलेलं, आणि पीएचडी अधिकृतपणे मिळाली ८ जून १९२७ला.

तारीख बघा. आमच्या जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं २० मार्च १९२७ रोजी. म्हणजे तेव्हा कोलंबियाची पीएचडी अजून हातात यायची होती! १९१३ला सुरू झालेला एक फॉर्म चौदा वर्षांनी बंद झाला. मी आठ महिन्यांत कंटाळले होते.

सरांना फोन करून म्हटलं, "सर, हे भारी आहे, पण बायकांचं काय?" ते म्हणाले, "तुझ्याच लाइनवर आहे की एक."

खरंच होतं. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. त्यांची जागा कशी सापडली? गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं, त्यानं नकारार्थी उत्तर दिलं, वर पत्रव्यवहार मासिकात छापला. ते मासिक न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत चाळलं आणि घरी जाऊन पत्र लिहिलं. इतिहासातल्या पहिल्यावहिल्या मराठी डॉक्टरणीचं अमेरिकेतलं घर दातदुखीमुळे सापडलं. पण पुढचा भाग योगायोगाचा नाही. अमेरिकेत पोचल्यावर आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या कॉलेजला जे पत्र लिहिलं त्याला आपण आज 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणतो. मी कोण, मला विरोध किती झाला, माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला हे शिकायचंय. वयाची अठरा वर्षं. मी माझं स्टेटमेंट उघडून पाहिलं. पहिलं वाक्य होतं की मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे. ते खोडलं. इरशाळवाडीची यादी आता पहिल्या वाक्यात आहे.

इरावती कर्व्यांची गोष्ट मला जास्त गुंतागुंतीची वाटते. सासरे धोंडो केशव कर्वे, ज्यांनी १९१६ला स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. सुनेनं पीएचडीसाठी जर्मनीला जावं याला त्यांचा विरोध होता. नवरा दिनकर स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्रात पीएचडी करून आलेला, तो मात्र ठाम. पैसे? डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज. १९२८ला त्या बर्लिनला गेल्या, युजेन फिशर यांच्या हाताखाली. या फिशर महाशयांचा समज असा की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी एका बाजूला अधिक मोठी असते आणि त्यामुळे त्याची बुद्धी अधिक तर्कशुद्ध. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधारस्तंभ झाले. कर्ज काढून, परक्या देशात, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच्या लाडक्या कल्पनेच्या विरोधात आकडे मांडायचे. गाइडशी पटत नाही म्हणून रडणाऱ्या मित्रमैत्रिणींना मी आजकाल हा प्रसंग फॉरवर्ड करते.

आणि हे जीवराज मेहता कोण? पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते. तरुणपणी ते स्वतः लंडनला वैद्यकशास्त्र शिकायला गेले होते टाटांच्या शिक्षणनिधीच्या मदतीनं. इथे मी गाडीत सरळ होऊन बसले, कारण टाटा म्हणजे आमच्या गावचेच.

खोपोलीत वाढलेल्या कुणालाही विचारा, घाटाच्या उतारावरून खाली येणारे ते जाड पाइप आमच्या बालपणाच्या प्रत्येक चित्रात आहेत. वर लोणावळ्याकडे धरणं, तिथलं पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळून खोपोलीच्या वीजकेंद्रात जातं. १९१५ला ते सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या आमच्या विजेवर फिरायला लागल्या. कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४लाच वारले. शाळेत आम्हाला केंद्र दाखवायला नेलं होतं. पण जमशेटजींनी १८९२ साली, म्हणजे वीजकेंद्राच्या कितीतरी आधी, परदेशी उच्चशिक्षणासाठी एक निधी काढला होता हे त्या सहलीत कोणी सांगितलं नाही. तो निधी दान देत नाही, कर्ज देतो. शिकलेल्यानं फेडायचं, ते पैसे पुढच्याला. पहिल्या दोघीही बायका आणि दोघीही डॉक्टर: फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. १९५७ला जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही याच शिष्यवृत्तीवर. के. आर. नारायणन लंडनला गेले तेही. निधी आजही चालू आहे. आमच्या दारातून रोज दिसणाऱ्या पाइपांच्या मालकाचा, आणि माझ्या शीटमध्ये त्याची ओळच नव्हती.

टाटांचाच एक धागा कमला सोहोनींच्या कथेत आहे, पण तो कडू आहे. कमला भागवत मुंबईहून पहिल्या क्रमांकानं बीएस्सी झाल्या आणि १९३३ला बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. ही संस्था जमशेटजींच्या देणगीतून उभी राहिलेली; कमलाबाईंचे वडील आणि काका तिथले सुरुवातीचे विद्यार्थी. संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, कारण मुलगी. कमलाबाई उठून बंगलोरला गेल्या आणि कारण लेखी द्या म्हणून अडून बसल्या. मग प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष कच्चं समजलं जाईल, आणि पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरानं रामन यांचं मत बदललं, मुलींना प्रवेश मिळू लागला. पण कमलाबाईंनी तो अपमान म्हातारपणीही विसरला नव्हता आणि तसं जाहीर बोलून दाखवलं. मला त्यांचा हा भाग फार आवडतो. आपल्याकडे शेवट गोड झाला की मधला अपमान माफ करायची सक्ती असते.

केंब्रिजला त्या १९३७ला गेल्या, मुंबई विद्यापीठाच्या स्प्रिंगर आणि सर मंगळदास नथुभाई या दोन फेलोशिप जोडून. पुन्हा जोडूनच! हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत, आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी सापडलं. प्रबंध चाळीस पानांचा, चौदा महिन्यांत पूर्ण. १९३९ला परत. गंमत म्हणजे ज्या केंब्रिजनं पीएचडी दिली, तिथे बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. परत आल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं. आदिवासी कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा उपयोग होतो हे दाखवलं. केंब्रिजच्या बटाट्यापासून शिंदीच्या झाडापर्यंत. कर्जतच्या वाड्यांमध्ये कुपोषणाची बातमी आजही पावसाळ्यासारखी दरवर्षी येते, तेव्हा मला ही बाई आठवते.

आता एक कटू गोष्ट, जी बोलल्याशिवाय हा लेख खोटा होईल. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, अनुसूचित जाती, भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. वर्षाला १२५ जागा. २०२२ साली तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. हे विषय भारतातच शिकता येतात, असा युक्तिवाद. १९१६च्या त्या सेमिनारमधला जातींवरचा निबंध हा विषय घेऊन कोणी आज या फॉर्मपुढे बसलं, तर पहिल्याच पानावर अडेल. बडोदा संस्थानाच्या करारातही विषय ठरवून दिलेले होते, हे खरं. पण त्या तरुणानं ठरलेलं शिकून शिवाय जे शिकला ते कोणी अडवलं नव्हतं. राज्य सरकारची शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ विद्यार्थ्यांसाठी, पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरच्या नंबरांत असलं पाहिजे. दरडींचा अभ्यास ज्या एखाद्या छोट्या डोंगरी विद्यापीठात उत्तम होतो, ते त्या क्रमवारीत असेलच असं नाही.

आणि मी तरी कोणाची गोष्ट सांगतेय? इंग्रजी वाचता येणारी, पगार असलेली, गाडीत लॅपटॉप उघडणारी. इरशाळवाडीतली कितीतरी मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांच्यातलं कोणी दहा वर्षांनी स्वतःच्या डोंगराचा अभ्यास करायचा म्हणेल, तर त्याच्या शीटमध्ये कुठले कॉलम असतील, याचा मी विचार करून बघितला. 'शिफारसपत्र कोणाचं' इथेच अडले. आंबेडकरांना कॅनन आणि सेलिग्मन होते, आनंदीबाईंना कार्पेंटरबाई. मला कॉलेजातल्या एका मॅडम आहेत, ज्या सात वर्षांनीही दर वेळी नवं पत्र लिहून देतात आणि एकदाही कुरकुरल्या नाहीत. पत्र लिहिणारं माणूस नसेल तर मार्क कितीही असोत.

शीटमध्ये मी बदल केलेत. 'पैसे कोण देणार' या एका कॉलमचे तीन केले: फीचे, राहण्याचे, घरच्या हप्त्याचे. टाटांच्या निधीची ओळ टाकली. नेदरलँड्समधल्या एन्सखेडे इथल्या एका संस्थेची ओळ टाकली. नकाशे आणि हवाई छायाचित्रं वाचायचं प्रशिक्षण देणारी ही जुनी संस्था, आणि तिच्याच मदतीनं १९६६ला डेहराडूनला आपली हवाई छायाचित्रांच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली. तिथे आधी मास्टर्स करून मग पुढे जाता येतं. म्हणजे अजून दोन वर्षं वाढली. रिकाम्या दोन चौकोनांपैकी एकाचं उत्तर गेल्या महिन्यात आलं: ऑनलाइन मुलाखत, आमच्याकडच्या दुपारी अडीचला. मी सुट्टी टाकली. गच्चीवर बसवलेल्या माझ्या घरगुती पर्जन्यमापकाचे जून ते सप्टेंबरचे आकडे आणि माथेरानच्या पावसाशी त्यांची तुलना दाखवली. समोरच्या बाईंनी विचारलं की दर पंधरा मिनिटांचे आकडे आहेत का. आहेत म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी बाबा व्हरांड्यात बसले होते. कंपनीतून व्हीआरएस घेतल्यापासून ते रोज सहाला तिथे बसतात, समोर घाटातले पाइप दिसतात.

"किती वर्षं लागतील?" त्यांनी विचारलं.

"बाबा, आधी मास्टर्स धरलं तर सहा."

"आणि घराचे हप्ते?"

"साडेतीन वर्षांचे राहिलेत."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो टाटांचा फॉर्म कधी निघतो, ते बघून ठेव."

मी आत जाऊन लॅपटॉप उघडला.